नाइकी रन क्लबचे गाइडेड रन: दमलेल्या पायांना कितपत उपयोगी?

नाइकी रन क्लब अ‍ॅपमधले गाइडेड रन, म्हणजे पळताना कोच कानात बोलत राहतो अशी रेकॉर्डिंग, फुकट आहेत, आणि नवशिक्याला घराबाहेर काढायला त्यातला ‘फर्स्ट रन’ पुरेसा आहे. ती बाजू सोडून देऊ. इथे विचार हाफ किंवा फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचा आहे. शेवटच्या टप्प्यात मांड्या भरून येतात, डोकं ‘थांब’ म्हणू लागतं, तेव्हा तग धरायची सवय ही रेकॉर्डिंग लावतात का? अर्धी लावतात. उरलेली अर्धी लागायला ती बंद करावी लागतात.

सगळ्यात जमेची बाजू म्हणजे रेकॉर्डिंगमधला कोच ख्रिस बेनेट घड्याळातल्या पेसपेक्षा (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेपेक्षा) कष्टाचा आकडा धरायला सांगतो, १० पैकी अमुक. हे दिसतं त्याहून मोलाचं आहे. २००९ मध्ये काही जणांना सायकल चालवायला लावून एक प्रयोग झाला. ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम केल्यावर ते नेहमीपेक्षा लवकर थांबले. हृदय किंवा स्नायू कमी पडल्याचं दिसलं नाही, तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं. दिवसभर कामात डोकं पिळून निघाल्यावर घड्याळातला पेस गाठायचा हट्ट धरला की रन फसतो तो यामुळेच. आकडा धरून पळालात तर पेस आपोआप उतरतो आणि रन पुरा होतो. आकडा लावायला बोलून बघा. पूर्ण वाक्यं सहज येत असतील तर ३-४, वाक्यं तुटू लागली की ५-६, दोन-तीन शब्दांवर आलात की ७-८. नेहमीची चूक अशी की कोचच्या आवाजातल्या उत्साहाने पहिल्या १० मिनिटांतच ५ चा ७ होतो.

रेकॉर्डिंग आधीच केलेलं असतं, त्याला तुमचा रस्ता माहीत नसतो. तुम्ही चढावर असाल आणि नेमकं तेव्हाच कोच वेग वाढवायला सांगेल. इंटरव्हलसाठी (आलटून पालटून जोरात आणि हळू पळण्यासाठी) सपाट रस्ता किंवा ट्रॅकच घ्या.

आता स्वतःशी बोलण्याचा मुद्दा, कारण मनाची तयारी खरी इथेच होते. २०१४ च्या एका प्रयोगात २४ जण सायकलवर दमून थांबेपर्यंत चालले. त्यांतल्या निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायचा सराव दिला, तर त्यांचा तग धरण्याचा वेळ सुमारे १८ टक्के वाढला. पण ती वाक्यं त्यांनी स्वतः निवडलेली होती. गाइडेड रनमध्ये वाक्यं कोचची असतात, तीही इंग्रजीत, आणि कान त्यांची वाट बघायला शिकतो. आवाज थांबला की आत काहीच उरत नाही. म्हणून रन संपल्यावर लगेच चार वाक्यं लिहून काढा: दोन मधल्या टप्प्यासाठी, दोन शेवटच्यासाठी. दोन-तीन शब्दांची, पावलांच्या ठेक्यात बसणारी. ‘मला जमतंय’पेक्षा ‘तुला जमतंय’ म्हणून पाहा. १० किलोमीटर सायकलिंगच्या एका प्रयोगात स्वतःला ‘तू’ म्हणणाऱ्यांची वेळ सुधारली होती. ‘दुखत नाहीये’ असलं खोटं वाक्य घेऊ नका, दुखायला लागल्यावर ते पहिलं कोसळतं. ‘दुखतंय, पेस धर’ टिकतं.

हेडस्पेस या ध्यानाच्या अ‍ॅपबरोबर नाइकीने केलेले गाइडेड रन श्वास आणि पावलं यांकडे लक्ष वळवतात. रिकव्हरी रनला, म्हणजे थकवा उतरवायच्या हळू रनला, छान. वेगाच्या दिवशी मात्र नको, कारण श्वासावर किंवा पावलांच्या हालचालीवर मुद्दाम लक्ष ठेवलं तर त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागतो, असं प्रयोगांत दिसलंय. त्या दिवशी लक्ष पुढच्या वळणावर असू दे.

सगळ्यात मोठी उणीव दुखण्यातला फरक. कुठलंही रेकॉर्डिंग तुमचा पाय बघू शकत नाही. दोन्ही मांड्यांत सारखी पसरलेली जळजळ, धाप, जडपणा, हे कष्टाचं दुखणं, ते सोसायचं. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी टोचणारं, दर किलोमीटरला वाढणारं किंवा चाल बदलायला लावणारं दुखणं सोसायचं नाही. दोन-तीन मिनिटं चाला, पुन्हा हळू पळा. लगेच परत आलं तर रन तिथेच संपवा. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक भेगेची) शंका घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘अजून एक मिनिट’ म्हणणारा आवाज कानात असताना हे भान सुटतं, आणि जिद्दी पळणाऱ्यांचं आधी सुटतं.

वापरायचंच तर चार आठवडे असे वापरा. पहिल्या आठवड्यात लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांबचा) पूर्ण रेकॉर्डिंगवर. दुसऱ्यात फक्त पहिला अर्धा. तिसऱ्यात उलटं करू नका, म्हणजे आवाज शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नका. वॉर्मअपपुरताच ठेवा आणि अवघड भाग स्वतःच्या चार वाक्यांवर काढा. चौथ्यात इअरफोन घरीच. शिवाय काही स्पर्धांत इअरफोनला परवानगी नसते, नियम आधी वाचा. रस्त्यावर सरावाला एक कान मोकळा ठेवा आणि रन निघण्यापूर्वीच डाउनलोड करून घ्या.