जिप्सीच्या मागच्या पाट्यांचे पॉलियुरेथेन बुश: कुणी घ्यावेत, कुणी नाही

मारुती जिप्सीच्या मागच्या कमानपाट्यांसाठी पॉलियुरेथेन (पॉली) या रबरासारख्या प्लास्टिकच्या बुशचा सेट मिळतो. बुश म्हणजे जोडातल्या पिनभोवती बसणारी नळीसारखी गादी. त्यात अर्ध्या-अर्ध्या बुशचे 12 तुकडे असतात. एका पाट्याला पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) 2, मागच्या डोळ्यात 2 आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारा झुलता दुवा) चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतो तिथे 2. माल टणक आहे आणि तेल-चिखलात रबरापेक्षा जास्त टिकतो. घाटात, ओढ्यात जाणाऱ्या गाडीला तो जरूर घ्यावा. रोज डांबरी रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला मात्र रबरच बरं, कारण पॉलीने हादरे वाढतात.

रबर पिनला धरून स्वतः पिळतं. म्हणून रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉली पिळत नाही, पिनवर सरकतं. त्यामुळे पिनवर गंजाचे खड्डे असतील तर नवा बुश आतून खरवडला जातो. पिन पॉलिश पेपरने घासून बघा, बोटाला खड्डा लागला तर पिन बदला. सेटसोबतची ग्रीसची पुडी 12 तुकड्यांना पुरत नाही, ही या मालाची खोट. सिलिकॉन ग्रीस वेगळं आणा. कोरडा बुश प्रत्येक गतिरोधकावर कुरकुरतो.

बसवताना मागची चाकं उचलली की हँडब्रेकवर विसंबू नका. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (अडवायचे ठोकळे) लावा, स्टँड चॅसीखाली आणि जॅक अ‍ॅक्सलखाली ठेवा. एका वेळी एकच पाटा सोडा. दोन्ही सोडले तर अ‍ॅक्सल फिरतो आणि सेंटर बोल्टचं (पाट्यांची पानं मधोमध बांधणाऱ्या बोल्टचं) डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसवताना जीव जातो. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरू नका. नवे तिरपे-तिरपे, 60 ते 80 न्यूटन मीटरपर्यंत आवळा आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) सोडावा लागला तर आधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) रंगाची खूण करा आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा, हाताने हलवून बघा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाशी तांबूस भुकटी दिसली तर कपातल्या सुया (बारीक बेअरिंग) कोरड्या पडल्यात, क्रॉस बदला. बसवताना एखादी सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्कलिप (कप अडवणारी कडी) खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडा मारू नका, कप काढून सुया पुन्हा लावा. याच वेळी डिफरन्शियलचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) तेल बदलायचं तर भरण्याचा प्लग आधी उघडा. तो अडकला आणि तेल आधीच सोडलेलं असेल तर गाडी जागेवरच राहते. जीएल-5 दर्जाचं हायपॉइड गिअर तेल मागे सुमारे दीड लिटर लागतं.

क्लच सोडताना येणारा ‘टक्’ आवाज बुश बदलूनही राहिला, तर दोष या सेटला देऊ नये. तो बहुतेकदा क्रॉसचा किंवा डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीतल्या वाढलेल्या फटीचा असतो.