इरा की रेवा?

मुलीसाठी दोन अक्षरी नाव हवं असलं की यादीत या दोघी हमखास असतात. आमच्याही होत्या, आणि शेवटपर्यंत टिकल्या त्या याच.

अर्थावरून डावं-उजवं करणं अवघड आहे. इरा म्हणजे पृथ्वी, पाणी आणि वाणीसुद्धा. पुराणात ती कश्यपाची पत्नी, झाडं-वेली-गवताची आई. इरावती हे नाव याच शब्दावरून आलेलं. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या त्याच नावाच्या नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. रेवा तर साक्षात नर्मदा. उड्या घेत जाणारी ती रेवा. भेडाघाटला धुवांधार धबधब्यासमोर उभं राहिलं की हा अर्थ कुणी वेगळा सांगावा लागत नाही. स्कंदपुराणात तर तिच्या नावाचा अख्खा रेवाखंड आहे.

नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं आद्याक्षर, पाळत असाल तर प्रश्न तिथेच सुटेल: ई कृत्तिकेचं, रे स्वातीचं.

आम्ही ते पाळलं नाही. आमचा निर्णय झाला तो इंग्रजी स्पेलिंगवर. माझ्या भाचीचं नाव इरा. लसीकरणाच्या रांगेत ‘आयरा’ असा पुकारा झाला, कुणीच उठलं नाही, आणि पुढच्या बाळाचा नंबर लागला. आय-आर-ए लिहिलं की निम्मे लोक आयरा वाचतात. दोन ई घातले तर कुणी एक ई गाळतो, आणि एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नाही. त्यात आयरा हे स्वतंत्र नावही आता बरंच ऐकू येतं, शिवाय मीरा, समायरा, कियारा आहेतच. बागेत एकीला हाक मारली की तिघी वळून बघतात. मराठीतही इ ऱ्हस्व की दीर्घ, हे दर वेळी सांगावं लागतं.

रेवाला हा त्रास जवळजवळ नाही. क्वचित कुणी ‘रेखा का?’ विचारतं, आणि थोड्या मोठ्या मंडळींना त्या नावाची छोटी विजेवरची गाडी आठवते. तेवढंच. हाक मारायला मात्र फार छान: शेवटचा ‘वा’ हवा तितका लांबवता येतो, आणि लाडाने रेवू होतंच.

घरात कुणाला इरा मनापासून आवडलं असेल तर जरूर ठेवा, नाव गोडच आहे. फक्त जन्मदाखल्याचा अर्ज भरण्याआधी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. दोन्ही सारखीच आवडत असतील, तर मी रेवा सुचवेन.