पाठीवरचा मिस्ट ब्लोअर: बेलापूरच्या अंगणात पावसाळा आणि थंडी काढल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. नवी मुंबईत बेलापूरला, पारसिक टेकडीच्या पायथ्याला आमच्या रो-हाऊसची ओळ आहे. मागे झाडी, कडेने नाला, आणि थोडं खाली गेलं की खाडी. इथे पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरने, म्हणजे हवेच्या झोतातून औषध फवारणाऱ्या यंत्राने, दिवसा चावणारे डास चांगलेच कमी झाले. रात्रीचे फारसे नाहीत. विकणारा हा फरक सांगत नाही, त्याच्या लेखी डास म्हणजे डास.

दिवसा, त्यातही सकाळी आणि उन्हं उतरताना घोट्याला चावतो तो पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस. कुंडीखालच्या बशा, टाकीचं उघडं झाकण, बांबू तोडल्यावर राहिलेले खुंट, अननसाच्या पानांच्या बेचक्या, एवढं पाणी त्याला पुरतं. तो जन्मला तिथून फार लांब जात नाही, साधारण शे-दोनशे मीटर. म्हणजे तो आपल्याच नाहीतर शेजारच्या अंगणातला असतो आणि दुपारी सावलीत, पानांच्या खालच्या बाजूला बसून असतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो क्युलेक्स. तो गटाराच्या पाण्यात वाढतो आणि किलोमीटरभर सहज उडून येतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले: भरती बाहेर अडवायची, पावसाचं पाणी साठवायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. तलाव आणि नाले गाळाने भरले, पाणी तुंबलं, की तिथून येणाऱ्या डासांपुढे माझ्या अंगणातली फवारणी कितीशी पुरणार?

आता यंत्र. माझं 41.5 सीसीचं टू-स्ट्रोक, 14 लिटरच्या टाकीचं. ब्रँडचं नाव देत नाही, कारण या मापाची एकाच साच्याची चिनी यंत्रं आपल्याकडे वेगवेगळी स्टिकरं लावून विकली जातात. याचा एक फायदा आहे. कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी, प्लग, वॉशर, सगळं वाशीच्या एपीएमसी बाजाराकडच्या शेती अवजारांच्या दुकानात मिळतं आणि कुठलाही पंप दुरुस्त करणारा ते उघडू शकतो. कागदावर स्टील (Stihl) कंपनीचा एसआर 420 ब्लोअर उजवा वाटतो. 56.5 सीसी, 13 लिटर टाकी, हवेचा झोत जोरदार. पण त्याची किंमत माझ्या यंत्राच्या काही पट आहे, आणि आंब्याच्या बागेला लागणारा झोत मला अंगणात काय करायचाय? डास कमरेच्या खाली बसतात. शेंड्यापर्यंत औषध पोचवणं हा माझा प्रश्नच नाही.

उलट वर फवारायला गेलात तर या यंत्राचं एक वैगुण्य कळतं. औषध नोझलपर्यंत येतं ते टाकीतला थोडा हवेचा दाब आणि उतार यांच्या जोरावर. नळी टाकीच्या वर उचलली की धार मंदावते. वेगळा बूस्टर पंप असलेली मॉडेलं यासाठीच असतात. अंगणासाठी त्याचे पैसे देऊ नका.

सीसीपेक्षा वजन पाहा, हे मी प्रत्येकाला सांगते. रिकामं यंत्र 11 किलोच्या आसपास. त्यात 14 लिटर पाणी आणि पेट्रोल घातलं की 25 किलोच्या वर. माझी उंची पाच फूट एक इंच. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी टाकी कमरेखाली लोंबते आणि इंजिनाची थरथर माकडहाडापर्यंत जाते. कमरेचा पट्टा नव्हताच. तो बॅगवाल्याकडून शिवून घेतला, त्यानंतर बरं चाललंय. मी टाकी अर्धीच भरते. आमच्याकडे येणारे माळीमामा पूर्ण भरून सहज फिरतात. ते मला म्हणतात, "ताई, तुम्ही नळी धरा, ओझं मी घेतो." नळी आणि यंत्र वेगळं करता येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. दुकानात गेलात तर टाकीत पाणी भरायला लावून, पाठीवर घेऊन दहा मिनिटं उभे राहा. कोणी नाही म्हणालं तर दुसरं दुकान बघा.

फवारायची पद्धत हा खरा विषय. धुराची गाडी गेली की लोकांना समाधान वाटतं, पण त्या धुराचे थेंब 50 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, हवेत तरंगतात, तेव्हा उडत असलेले डास मारतात आणि विरून जातात. मिस्ट ब्लोअरचे थेंब साधारण 50 ते 100 मायक्रॉनचे. ते पानावर बसतात. हवेच्या झोताने पान उलटं होतं आणि खालची बाजू ओली होते, तिथेच तर डास दुपार काढतो. साध्या बॅटरी पंपाची धार पानावर वरून पडते आणि ठिबकून जाते. ब्लोअरसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते एवढ्याचसाठी. कुंपणावर चढलेला मनीप्लांट, नेचे, कर्दळ, पाण्याच्या टाकीमागची ओली भिंत, जिन्याखालचा कोपरा, एवढ्यावरच मी झोत फिरवते. हिरवळ सोडून देते. थ्रॉटल अर्धाच ठेवते, पूर्ण दिला की पानं फाटतात आणि औषध शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर जातं.

आणि धूर दिसत नाही! सोसायटीतल्या एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं होतं, "यात औषध घालता ना?"

औषधाबद्दल थोडक्यात. शेतीचं कीटकनाशक घरी आणू नका. डासांसाठी नोंदणी असलेलं, पायरेथ्रॉइड या गटातलं कीटकनाशक घ्या आणि मात्रा लेबलावरचीच ठेवा. "जरा जास्त घाला" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. या गटातल्या औषधांना एडिसमध्ये प्रतिकार आपल्या देशात नोंदला गेला आहे, मात्रा वाढवून तो जात नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पायरेथ्रॉइड माशांना आणि मधमाश्यांना घातक असतं, म्हणून फुललेल्या झाडांना मी हात लावत नाही आणि मधमाश्या परतल्यावर, सूर्य मावळताना फवारते. कमळाच्या कुंडीत गप्पी मासे आहेत, तिच्यावर आधी प्लास्टिक टाकते. तुळस, कढीपत्ता, ओवा यांच्या कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवते. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हवेतच. तोंडावर उडालं तर तासन्‌तास मुंग्या आल्यासारखं वाटतं.

कोकणातल्या पावसाचा हिशेब मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पानावरचा थर तीन-चार आठवडे टिकतो म्हणतात. असेल, कोरड्या हवेत. जुलैत इथे दोन दिवस सलग कोसळला की थर धुऊन नाल्यात गेलाच म्हणून समजा. म्हणून भर पावसाळ्यात मी यंत्र जवळजवळ काढलंच नाही. त्या दिवसांत बशा उलट्या करणं, टाकीच्या झाकणाला जाळी बांधणं आणि महापालिकेच्या मलेरिया विभागाच्या माणसांना अळीनाशक टाकायला आत येऊ देणं याचाच उपयोग झाला. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की काम होतं. ब्लोअरने किंमत वसूल केली ती गणपतीनंतर उघडीप मिळाल्यावर आणि दिवाळीपर्यंत, म्हणजे नेमकी डेंग्यूच्या दिवसांत. नातवंडं अंगणात किल्ला करत बसली होती आणि कोणी पाय खाजवत आत आलं नाही.

त्रास दोन. पहिला पेट्रोलचा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओलावा ओढून घेतं आणि महिनाभर टाकीत राहिलं तर कार्बोरेटर चिकट होतो. माझं यंत्र थंडीत एकदा दोरी ओढून ओढून खांदा दुखेपर्यंत सुरू झालं नाही, मेकॅनिकने कार्बोरेटर धुतल्यावर लागलं. आता लागेल तेवढंच मिश्रण करते. माझ्या यंत्राला 1:25 लागतं, म्हणजे लिटरला 40 मिली टू-टी ऑइल. काही यंत्रांना 1:50 चालतं, पुस्तिका बघा. काम झालं की पेट्रोलची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. पेट्रोल आणायला धातूचा कॅन लागतो, प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत.

दुसरा त्रास आवाजाचा. तो इतका मोठा आहे की कानाला मफ लावल्याशिवाय मी सुरूच करत नाही. शेजारी बोर्डाची परीक्षा असेल तर त्या आठवड्यात फवारणी रद्द. ग्रुपवर आदल्या दिवशी वेळ टाकते, खिडक्या लावून घ्या म्हणते, मांजरं आत घ्या म्हणते.

एकट्या घरासाठी, कुंपणापर्यंत दहा पावलांचं अंगण असेल तर हे यंत्र घेऊ नका, 16 लिटरचा बॅटरी पंप घ्या. तो शांत असतो, हलका असतो आणि पान हाताने उलटवून फवारता येतं. दाट झुडपं असलेला बंगल्याचा प्लॉट असेल किंवा पाच-सहा घरं मिळून वापरणार असाल तर घ्या. एडिस शेजारून येतो, म्हणून एकत्र घेणंच शहाणपणाचं. माझं साडेनऊ हजारांना पडलं. आता ओळीतल्या चार घरांनी वाटा उचललाय, माळीमामांना दर फेरीचे वेगळे पैसे ठरलेत, आणि यंत्र माझ्या जिन्याखाली आहे, टाकी रिकामी करून.