न फिरणारा उजवा हात: फिजिओच्या पहिल्या वर्षभर वापरल्यानंतर

अभ्यासाला घेतलेल्या हाताच्या हाडांच्या मॉडेलचा मनगटाजवळचा स्क्रू झिजून बाहेर आला, म्हणून एकदाचं लिहायला बसले. दुकानदाराशी काय वाजलं ते पुढे येईलच.

मॉडेल सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. स्कॅप्युलापासून (खांद्याचा फरा) बोटांच्या टोकांपर्यंत पूर्ण मापाचा उजवा हात, पांढरट प्लास्टिक, तारेत ओवलेली बोटं. स्टँड नाही. साडेतीन हजार गेले. एका सिनिअर ताईचा हाफ सेट (अर्ध्या सांगाड्याची हाडं) याहून बराच स्वस्त मिळत होता, पण ती हाडं खरी वाटत होती. १९८५ मध्ये सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी कोलकात्याहून जगभर सांगाडे जायचे. जुने सेट हॉस्टेलच्या खोल्यांतून अजून हातोहात फिरतात. कुणाचा तरी दंड माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली, हे मला जमणारं नव्हतं.

पाठांतरापुरता माल ठीक आहे. एका हाताची ३२ हाडं, ती मोजून भरली: वर स्कॅप्युला, क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड), ह्यूमरस (दंडाचं हाड), रेडियस (कोपर ते मनगट, अंगठ्याकडचं), अल्ना (करंगळीकडचं), मग मनगटातली आठ कार्पल्स, तळहातातली पाच मेटाकार्पल्स, बोटांतली चौदा फॅलँजेस. क्लॅव्हिकलची साइड (डावं की उजवं) ओळखायला हवं ते सगळं दिसतं: चपटं टोक खांद्याकडे, जाडजूड टोक छातीकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर. खालच्या अंगाची सबक्लॅव्हियस स्नायूची खाच मात्र बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. ह्यूमरसच्या मागची नसेची खोबण, रेडियल ग्रूव्ह, तर नावाला आहे. सर्वांत वाईट म्हणजे न्यूट्रिएंट फोरामेन, हाडात रक्तवाहिनी शिरते ते भोक. तिथे भोक नाहीच, काळ्या शाईचा ठिपका आहे. परीक्षक विचारतात ते भोकाची दिशा. हातात ती कोपराकडे, म्हणजे ह्यूमरसमध्ये खाली आणि रेडियस-अल्नामध्ये वर. ठिपक्याला कसली आलीय दिशा?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरं दुखणं वेगळं आहे आणि त्यावर मी वर्षभर मैत्रिणींचं डोकं खाल्लं आहे: या हाताचा रेडियस फिरत नाही. वर कोपराशी एक स्क्रू, खाली मनगटाशी एक, आणि रेडियस-अल्ना कायमचे समांतर जखडलेले. कोपर वाकतं, खांदा गोल फिरतो, बोटंसुद्धा मुडपतात. पण तळहात उताणा आहे तो उताणाच. कोपरापुढच्या हाताला दोन हाडं आहेत ती ज्या कामासाठी, तेच काम बंद. अल्ना जागच्या जागी राहते, रेडियसचं डोकं वर स्वतःभोवती फिरतं, खालचं टोक अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं आणि तळहात पालथा होतो. घास तोंडाशी नेणं, कुलूप उघडणं, बादलीतून तांब्या भरून अंगावर घेणं, सगळं यावर चालतं. फिजिओच्या मुलीला साडेतीन हजारांत हे दाखवू न शकणारा हात विकतात, आणि वर खोक्यावर 'फुल्ली मूव्हेबल' छापतात.

तर तो मनगटाजवळचा स्क्रू. माझ्या रोजच्या हिसक्यांनी त्याचे आटे गेले असणार. दुकानदाराला फोन केला. सहा महिन्यांची वॉरंटी संपली, हे मला माहीत होतंच. मला फक्त स्क्रू हवा होता. तो म्हणाला, सुटा स्क्रू मिळत नाही, पूर्ण फोरआर्म घ्यावा लागेल, कुरिअर वेगळं. मी म्हटलं, दादा, मुळात तो फिरायला हवा. त्यावर उत्तर: "मॅडम, तो फिक्सच असतो. तुम्ही फिरवलात म्हणून तुटला." हा माणूस स्वतःच्या दुकानाचं कुलूप कसं उघडतो कोण जाणे. मग व्हॉट्सॲपवर फोटो, व्हिडिओ, आणि शेवटी निळ्या टिका, उत्तर नाही.

इथपर्यंत एक स्टार द्यायचा बेत होता. पण रागाच्या भरात वरचाही स्क्रू काढला आणि रेडियस हलला. पूर्ण नाही, कारण कारखान्याने हाताचा पंजा तारेने अल्नालाही बांधला होता. शरीरात कार्पल्सचा सांधा रेडियसशी असतो. अल्ना आणि कार्पल्सच्या मध्ये कूर्चेची चकती असते, म्हणून तर पंजा रेडियसबरोबर फिरतो. बाबांची पक्कड घेतली आणि ती तार कापली. रेडियसच्या डोक्याभोवती ॲन्युलर लिगामेंट (डोक्याला अल्नाशी धरून ठेवणारा कडं-बंध) म्हणून केसांचं रबर अडकवलं, दुसरं टोक अल्नाच्या खाचेपाशी चिकटपट्टीने धरलं. फिरला! रेडियस अल्नावर तिरपा गेला, आणि पुस्तकातली प्रोनेशनची (तळहात पालथा होण्याची) आकृती टेबलावर उघडी पडली.

मग चटकच लागली. बायसेप्सच्या (दंडाच्या बेटकुळीच्या) जागी बुटाची नाडी रेडियल ट्युबरॉसिटीला, म्हणजे तो स्नायू जुळतो त्या रेडियसवरच्या उंचवट्याला, बांधली. तळहात पालथा केला की ट्युबरॉसिटी मागे जाते आणि नाडी हाडाला वेढा घेते. कोपर काटकोनात ठेवून नाडी वर ओढली की वेढा सुटतो आणि तळहात झटक्यात उताणा. बायसेप्स फक्त कोपर वाकवतो असं समजणाऱ्या आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना हे पाहून धक्का बसला. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जोर जास्त लावता येतो तो इथूनच. या मॉडेलचे ते दोन नतद्रष्ट स्क्रूसुद्धा कारखान्यात कुणीतरी सुपिनेशन (तळहात उताणा) करूनच आवळले असतील.

आणखी एक फुकटचा धडा: पंजा धरून जोरात ओढला की रबर डोक्यावरून घसरतं. पाच वर्षांखालच्या पोरांना हाताला धरून हिसका दिला की कोपराशी साधारण हेच होतं. तेव्हा भाच्याला दोन हातांनी लटकवून झोका देणाऱ्या मामांनी जरा दमानं घ्या.

वस्तूला आता साडेतीन स्टार, तेही स्क्रू काढल्यावरच. दुकानदाराला काही नाही. घेणार असाल तर आधी विचारा, रेडियस स्क्रूने जखडलाय की मोकळा. जखडलेला असेल तर किंमत पाडून घ्या आणि घरी स्क्रू ड्रायव्हर आहे ना ते बघा. फक्त स्पॉटर्सपुरतं (हाड बघून ओळखायच्या परीक्षेपुरतं) हवं असेल तर कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधली हाडं पुरेशी आहेत, पैसे घालवू नका.

माझा सेट पुढच्या वर्षी ज्युनिअरला विकणार आहे. दोन हजार, रबर आणि नाडीसकट. पिसिफॉर्म (मनगटातलं वाटाण्याएवढं हाड) नुसतं डिंकाने चिकटवलं होतं, ते पडून हरवलं आहे, त्याचे शंभर कमी करते. त्याखाली घासाघीस नाही.