खानावळीसाठी रेल्वेचा जुना डबा घ्यावा की कंटेनर?

रस्त्यालगत थोडी जागा आहे, पक्कं बांधकाम करायचं नाही, पण भर पावसातही वीस-पंचवीस माणसं आत बसून जेवली पाहिजेत, असा विचार असेल तर हे वाचा. आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, चाळीस फुटी कंटेनरही आहे आणि रेल्वेने मोडीत काढलेला अर्धा डबाही. आधी माणसं कंटेनरात बसत. आता तिथे स्वयंपाकघर आहे आणि पंगत डब्यात.

जुना डबा घ्यायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, त्यात जीव कितीसा उरलेला असतो? निळ्या आयसीएफ डब्याचं, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या घडणीच्या डब्याचं, प्रवासी म्हणून आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. पण त्यानंतर रेल्वे स्वतःच त्यातले बरेच डबे खिडक्या बंद करून, टोकांना दारं पाडून मोटारी वाहायला वापरते. आसनसोलला २०२० साली आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २०२१ साली वापरातून काढलेल्या जुन्या डब्यांत उपाहारगृहं सुरू झाली. चेन्नईच्या कारखान्याने या जातीचे डबे २०१८ च्या जानेवारीपर्यंत बनवले, त्यामुळे रुळांवरून उतरणारे डबे अजून काही वर्षं तरी मिळत राहतील.

आणायच्या कामात कंटेनर सरळ जिंकतो. एक ट्रेलर, एक हायड्रा (चाकांची क्रेन), दुपारपर्यंत जोत्यावर. डबा २१ मीटरहून लांब, आमच्या फाट्यावरच्या वळणावर तो वळणंच शक्य नव्हतं. म्हणून लिलावात माल घेणाऱ्या भंगारवाल्याकडून मधोमध कापलेला अर्धाच घेतला. तो लांबीला कंटेनरपेक्षाही थोडा कमी भरतो, पण वजनाला बराच जास्त, आणि उतरवायला दोन हायड्रा लावावे लागले. खर्चही डब्याचाच जास्त झाला, हे आधीच सांगून टाकतो.

रुंदीत मात्र डबा पुढे. कंटेनर बाहेरून २.४४ मीटर. आतून उष्णतेसाठी थर्माकोल आणि प्लाय लावलं की दोन्ही बाजूंना टेबलं टाकून मधून ताट घेऊन जाणाऱ्याला अंग चोरावं लागतं. डबा बाहेरून सव्वातीन मीटरच्या आसपास असतो. दोन्हीकडे चौघांची टेबलं मांडूनही वाढपी सरळ चालतो.

तरी रुंदीवर मी निर्णय घेतला नसता. निर्णय झाला तो खिडक्यांवरून. कंटेनरला खिडकी नसते, ती कापून पाडावी लागते. त्याचा पत्रा नालीदार, आणि खिडकीची चौकट सपाट. त्या दोघांमधल्या फटी सिलिकॉनने भरतात. उन्हाळ्यात पत्रा तापतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि मे संपेपर्यंत सिलिकॉनची कड नखाने सोलता येईल इतकी सुटलेली असते. मग आमच्याकडचा आडवा पाऊस. पाणी चौकटीतून थेट आत येत नाही, ते आतल्या प्लायमागे उतरतं आणि तळाशी साचतं. खालची कड फुगते, काळी पडते, आणि कुबट वास येतो. जेवायच्या जागेत तो वास मला सहन होईना. मिस्त्रीने वरून पत्र्याची झडप बसवून दिली, पुन्हा सिलिकॉन भरलं. पुढच्या पावसात तेच. खिडक्या बंद ठेवाव्यात तर आत घुसमट.

डब्याच्या खिडक्या मुळातच पाऊस झेलायला बनवलेल्या. काचेचं शटर वेगळं, पट्ट्यांचं वेगळं. पाऊस लागला की पट्ट्यांचं खाली ओढायचं. वारा आत येतो, पाणी बाहेरच राहतं. आमच्याकडची काही शटरं अडकत होती, ती घासून, तेल देऊन चालू झाली. खिडकीपाशी बसायला माणसं थांबतात, हे मी रोज बघतो.

डब्याचा खरा शत्रू गंज. वरून रंग झकास दिसतो, पण संडासाखालची जमीन, दाराजवळचा भाग आणि बाजूचा पत्रा जिथे खाली आत वळतो ती कड, इथे वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. हातोडी घेऊन जा आणि ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे गळाले तर तेवढा पत्रा बदलावाच लागेल. आम्हाला टोकाकडची जमीन पूर्ण काढून नवी टाकावी लागली. आणखी एक, फार जुन्या डब्यांच्या आतल्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तसा संशय आला तर स्वतः तोडफोड करू नका, डबाच सोडून द्या.

नुसतं कोठार किंवा स्वयंपाकघर हवं असेल, तर माझ्या मते कंटेनरच बरा. भिंती कोऱ्या, ओटा हवा तिथे बसतो. कमी पावसाच्या भागात माझी तक्रार कदाचित तुम्हाला जाणवणारही नाही. पण घाटाच्या अलीकडे, माणसं बसवायची असतील, तर मी पुन्हा डबाच घेईन.

घेताना दोन्ही अर्धे बघायला मागा. संडास दोन्ही टोकांना असतात, पण दोन्ही टोकं सारखी सडलेली नसतात.