निकॉन डी४० : जुना आहे पण अजूनही भारी
२००६ चा कॅमेरा, फक्त ६ मेगापिक्सेल, तरी आजकाल मी हाच उचलतो. सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरचे रंग मला जाम आवडतात, उन्हातले फोटो तर एडिट करावेसे पण वाटत नाहीत. आणि फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत वापरता येणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड) १/५०० सेकंदापर्यंत जातो, म्हणजे भर दुपारी चेहऱ्यावरच्या सावल्या फ्लॅशने मस्त भरता येतात, कितीतरी नवीन कॅमेऱ्यांना हे जमत नाही बरं का! व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) नाही, व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा आणि फोटो काढायचा. कमी उजेडात नॉइज (फोटोत दाणे) येतो. बॉडीत फोकस मोटर नाहीये, त्यामुळे सेकंडहँड निकॉन लेन्स घेताना एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच फोकस मोटर) लिहिलंय का ते आधी बघा, नाहीतर बहुतेक वेळा फोकस हातानेच करावा लागेल.