फंडवाले जुनेच, ऑफिस नवं

चार स्टार. एक कापला, कारण खाली देते.

आमचे हे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते तेव्हा युटीआयच्या मास्टरगेन ९२ या म्युच्युअल फंडाचा फॉर्म या एजंटांकडेच भरला होता. मेन रोडवर अरुंद जिना, वर एकच खोली, टेबलावर युटीआयचे आणि पोस्टाच्या एनएससीचे फॉर्म. आता कॉलेज रोडला काचेचं ऑफिस आहे, टोकन घेऊन बसावं लागतं. द्राक्षाचे पैसे आले की पिंपळगावकडचे बागायतदारही इथेच दिसतात.

मधल्या काळात किती एजंट आले नि गेले! २००१ च्या जुलैत युटीआयच्या युएस-६४ योजनेचे व्यवहार थांबले तेव्हा लोक यांच्या जिन्यात उभे राहून भांडत होते. मालक रोज ऑफिस उघडून बसायचे. पुढे २००९ च्या ऑगस्टपासून एंट्री लोड गेला, म्हणजे गुंतवतानाच शंभरामागे सव्वादोन रुपयांपर्यंत कापले जायचे ते बंद. कमाई आटली तशी आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हा धंदा सोडून फक्त एलआयसी धरली. हे टिकले.

मुलगा म्हणतो, आई, एजंटाशिवाय डायरेक्ट घे, खर्च कमी पडतो. बरोबरच आहे, २०१३ पासून ती सोय आहे आणि मोबाईलवर सगळं जमतं त्याने तेच करावं. पण आमचे हे गेल्यावर युनिट माझ्या नावावर करायचे होते. एका फोलिओत, म्हणजे फंडातल्या खात्यात, ह्यांच्या नावाची नुसती आद्याक्षरं, मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव. काउंटरवरच्या मुलीने कागद पाठवण्याआधीच ते हेरलं, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र टाईप करून दिलं, बँकेतून सही पडताळून आणायला लावली. एकही फाईल परत आली नाही. यांना माझ्या फंडांतून कमिशन मिळतं, ते सहामाही स्टेटमेंटमध्ये छापूनही येतं. त्या दिवसापासून मला ते खुपत नाही.

एक स्टार कापला तो टाय लावलेल्या नव्या पोरांसाठी. दर वर्षी चेहरा बदलतो आणि प्रत्येक जण नवा फंड गळ्यात मारायला बघतो. “मॅडम, फक्त दहा रुपयाला युनिट!” अरे बाबा, दहाचा युनिट म्हणजे काय सेलमधली साडी आहे का? आत कुठले शेअर घेणार ते सांग. मालकांच्या कानावर घातलं, तेव्हा फोन थांबले.

पार्किंग नाही, रिक्षाने जा. कॅन्सल चेक आणि पॅनची झेरॉक्स घरूनच न्या.